पाण्याच्या काट्याच्या दोन तक्रारी, सील एकच

सपाट रस्त्यावर इंजिन गरम होत नाही आणि चढावर थंड राहत नाही, अशा दोन तक्रारी एकाच बसच्या नोंदवहीत होत्या. मागे इंजिन असलेली बस, व्ही-आठ डिझेल, दोन्ही बँकांवर (सिलिंडरच्या रांगांवर) एकेक थर्मोस्टॅट. रिकाम्या सरळ रस्त्यावर पाण्याचा काटा ६०-६२ अंशांवर अडकायचा, हिटर लावला तरी मागच्या सीटवरच्या प्रवाशांचे पाय गारच. भरलेली गाडी लांब चढाला लागली की तोच काटा १०० च्या पुढे जायचा आणि चालकाला गाडी बाजूला घ्यावी लागायची.

आमच्याकडे येण्याआधी दोन्ही तक्रारींवर वेगवेगळा इलाज झालेला होता. थंड राहते म्हणून थर्मोस्टॅट बदलले. तापते म्हणून रेडिएटर उतरवून धुतला, पंख्याचा पट्टा नवा टाकला. फरक शून्य. पुढचा सल्ला होता थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा. तो आम्ही तिथेच थांबवला. या जातीच्या थर्मोस्टॅटला दोन कामं असतात: रेडिएटरकडची वाट उघडायची आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करायची. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी सोपी वाट धरतं, रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परततं, आणि चढावर गाडी आणखी तापते.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असेल तर ते कुठे असेल, हे शोधण्यासाठी थर्मोस्टॅट बसतो कसा ते डोळ्यांसमोर आणावं लागतं. मेणाची गोळी ८२ अंशांना फुगायला लागते, साधारण ९३-९५ ला पूर्ण फुगते आणि पितळी स्लीव्ह (नळीसारखा भाग) पुढे ढकलते. ही स्लीव्ह हाउसिंगमध्ये, म्हणजे थर्मोस्टॅटच्या घरात, दाबून बसवलेल्या एका रबरी सीलमधून पुढे-मागे सरकते. सीलला बाहेरून पोलादी कडं आणि आतून रबराची पातळ लिप, म्हणजे ओठासारखी कडा असते. स्लीव्हच्या भोवती रेडिएटरची वाट आणि बायपासची वाट यांच्यामध्ये असलेली भिंत म्हणजे ही लिप. ती गळत असेल तर थर्मोस्टॅट बंद असतानाही पाणी रेडिएटरकडे निसटतं आणि इंजिन थंड राहतं. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याच फटीतून गरम पाणी बायपासकडे निसटतं आणि इंजिन तापतं. म्हणजे कोरा थर्मोस्टॅट टाकला तरी जुन्या सीलसमोर त्याचं काही चालत नाही.

अंदाजावर हाउसिंग खोलायचं नव्हतं, म्हणून आधी मोजमाप केलं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना चार ठिकाणी तापमान मोजणारे तारेचे प्रोब पट्टीने बांधले आणि वरून कापड गुंडाळलं, म्हणजे बाहेरच्या हवेने आकडा पडत नाही. वरचा पाइप रेडिएटरमध्ये शिरतो तिथे एक, खालचा पाइप रेडिएटरमधून निघतो तिथे दुसरा, बायपास येऊन मिळतो त्याच्या पुढे पंपाच्या तोंडाशी तिसरा आणि थर्मोस्टॅटच्या अलीकडे, इंजिनमधून पाणी बाहेर पडतं तिथे चौथा. लांबून तापमान दाखवणारी बंदूक चकचकीत धातूवर खोटं बोलते. तीच वापरायची असेल तर जागेवर काळी चिकटपट्टी लावून मगच नेम धरावा.

सुरू केल्यावर इंजिनचं पाणी ४५ ला पोहोचलं तेव्हा वरचा पाइप ३९ दाखवत होता. हा पाइप ८० पर्यंत जवळपास गारच राहायला हवा. थर्मोस्टॅटच्या चकतीला हवा निघण्यासाठी बारीक भोक असतं, त्यातून थोडं पाणी जातं हे धरूनही एवढी ऊब येत नाही. गळती आहे हे ठरलं.

मग गाडीत वाळूच्या पिशव्या भरून चढावर नेली. इंजिनमधून निघणारं पाणी १०२ अंश, रेडिएटरमधून निघणारं ८४, आणि पंपाच्या तोंडाशी ८९. या तीन आकड्यांत सगळं आहे. पूर्ण लोडवर चांगला रेडिएटर पाण्याचं तापमान सहसा ५ ते ८ अंश उतरवतो. इथे उतार १८ होता, म्हणजे रेडिएटर थंड करत होता, त्याच्याकडे पाणीच कमी येत होतं. आणि बायपास पूर्ण बंद असेल तर पंपाच्या तोंडाशी रेडिएटरचंच पाणी यायला हवं, ८४ चं. ते ८९ आलं कारण त्यात १०२ चं पाणी मिसळत होतं. १८ पैकी ५ अंश, म्हणजे पंपात येणाऱ्या पाण्यातला पाव हिश्शापेक्षा जास्त भाग रेडिएटर चुकवून येत होता. हा हिशेब करायला दोन मिनिटं लागतात आणि विनाकारण उतरणारा रेडिएटर वाचतो.

खोलताना इंजिनचं पाणी ५० च्या खाली येईपर्यंत टोपी उघडायची नाही. दाबाखालचं पाणी १०० च्या वरही उकळत नाही, पण टोपी फिरवताच दाब जातो आणि ते वाफ होऊन अंगावर येतं. सगळी सिस्टिम रिकामी करायची गरज नसते. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या खाली पातळी जाईल एवढंच पाणी काढायचं. या गाडीत ते २२ लिटर निघालं. आकडा लिहून ठेवायचा, भरताना कामाला येतो. स्वच्छ झाकणाच्या डब्यात काढलेलं आणि तेल वा गंज नसलेलं कूलंट परत वापरता येतं. उघड्या घमेल्यात मात्र ठेवू नये. कूलंटमधलं ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

डाव्या बँकेचं हाउसिंग उघडल्यावर सीलची लिप नखाने दाबली तर दबेना, वाळलेल्या कातड्यासारखी कडक झालेली. स्लीव्ह मोजली: बाहेरचा व्यास ५४.० मि.मी. लिपचा आतला व्यास ५४.४. म्हणजे लिप स्लीव्हला टेकतच नव्हती. नव्या सीलचा आतला व्यास ५२.८ होता, सव्वा मिलिमीटरच्या आसपास ताण राहिला तरच ती स्लीव्हला धरून बसते. स्लीव्हवर पांढरा क्षाराचा थरही होता. क्षारयुक्त पाणी वरचेवर टाकलं की हा थर जमतो आणि प्रत्येक उघडझाकीला एमरी पेपरसारखा लिप घासत जातो.

उजव्या बाजूला जे दिसलं त्याची अपेक्षा नव्हती. सील नवं होतं, रबर मऊ, कडं चकचकीत. पण उलटं बसवलेलं. या इंजिनात लिपचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे असतं. पाण्याचा दाब लिपच्या मागे शिरून तिला स्लीव्हवर चेपतो. उलटं बसवलं की तोच दाब लिपला स्लीव्हपासून उचलतो. थर्मोस्टॅट बदलणाऱ्याने एका बाजूला सील मुळीच बदललं नव्हतं आणि दुसऱ्या बाजूला बदललं ते पालथं घातलं. दोन्ही बाजू गळत होत्या, दोन वेगळ्या कारणांनी. इंजिन बदललं की दिशा वेगळी असू शकते, म्हणून जुनं सील काढायच्या आधी त्याचा फोटो घ्यायचा आणि तो त्या इंजिनच्या पुस्तकाशी ताडून पाहायचा. फक्त फोटोवर विसंबलो असतो तर उजव्या बाजूला नवं सीलही पालथंच बसलं असतं.

जुनं सील काढताना लोक सरळ स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटतात. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, एक ओरखडा पडला तर पाणी कड्याच्या बाहेरून वाट काढतं आणि नवं सीलही गळतं. बोथट छिन्नीने कडं एका जागी आत चेपायचं, ते आक्रसतं, मग पक्कडीने अलगद निघतं. आतली खाच कापडाने आणि बारीक नायलॉन ब्रशने साफ करायची. गॅस्केटची (सांध्यातल्या पातळ पट्टीची) जागा प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ करायची. ग्राइंडरची अपघर्षक चकती इथे नको, ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि तिची भुकटी पाण्याच्या वाटेत जाते. शेवटी हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) फिरवायचं. ०.१० मि.मी.चं पान खाली शिरत असेल तर तोंड वाकलेलं आहे, गॅस्केट कितीही चांगलं असलं तरी तिथून ठिबकणार.

नवं सील बसवायचं तर पंच हवा तो पोलादी कड्याच्याच मापाचा. लिपवर किंवा कड्याच्या आतल्या काठावर ठोका बसला की कडं वाकतं, लिप एका बाजूला ओढली जाते. योग्य मापाचा पंच नसेल तर लेथवर वळवून घ्यावा; सॉकेट उलटं धरून ठोकलेलं सील तिरकं जातं हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दाब सरळ आणि सलग हवा, शक्य असेल तर प्रेसवर. कडं खाचेच्या तळाला टेकलं की आवाज बदलतो, तिथे थांबायचं. खोलीही महत्त्वाची आहे: सील पूर्ण बसलं नाही तर स्लीव्ह परत आत जाताना लिपच्या बाहेर येते, आणि पुढच्या वेळी उघडताना तिची कडा लिपला दुमडून नेते. बसवल्यावर चारही बाजूंनी खोली मोजून पाहिली, सारखी होती.

थर्मोस्टॅट तुलनेने नवे असले तरी दोन्ही तपासले. पाण्याच्या भांड्यात तारेने टांगायचे, तळाला टेकू द्यायचे नाहीत, शेजारी थर्मामीटर, पाणी सतत ढवळत राहायचं. मेण सावकाश वितळतं, म्हणून पूर्ण उघडण्याचं तापमान आल्यावर दहा मिनिटं तिथेच धरून मग उघडण्याची उंची मोजायची. उजवा ठीक निघाला. डावा ८२ ला हलला खरा, पण त्याच्या स्लीव्हवर एक पायरी पडली होती, नखाला अडकायची. अशी स्लीव्ह नव्या लिपला थोड्याच दिवसांत खाते. तो टाकून दिला. दोन थर्मोस्टॅट समांतर चालतात, त्यामुळे एक नवा आणि एक जुना ठेवला तर आधी उघडणारा सगळा भार घेतो. जोडीनेच बदलले.

जोडणीच्या वेळी लिपला साबणाचं पाणी किंवा स्वच्छ कूलंट लावायचं. ग्रीस आणि इंजिन ऑइल नको. सील ईपीडीएम रबराचं असेल तर तेलाने फुगतं. स्लीव्ह हळूच फिरवत लिपमधून घालायची आणि टॉर्च मारून आत बघायचं की लिप सगळीकडून एकाच बाजूला वळली आहे. हे बघण्यासाठी दोन्ही हातांनी हाउसिंग तोलून धरावं लागतं, मदतनीस हवाच. चकतीवरचं हवेचं भोक वरच्या बाजूला. बोल्ट आडवे-तिडवे, दोन टप्प्यांत, पुस्तकातल्या टॉर्कला. ८ मि.मी.च्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये हाताच्या अंदाजाने आवळलं की आटे निघतात.

भरताना घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते. बसच्या हिटरच्या नळ्या जमिनीखालून पुढपर्यंत जातात, हवा तिथेच अडकते. हिटरचे सगळे कॉक उघडे, दोन्ही हाउसिंगवरचे हवा सोडायचे कॉक उघडे, आणि पाणी सावकाश, मिनिटाला दहा लिटरच्या आत. अर्धं ग्लायकॉल, अर्धं क्षारमुक्त पाणी. कॉकमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो बंद. २२ लिटर काढलं होतं, १९ च जात होतं. उरलेल्या तीन लिटरची जागा हवेने धरली होती. आयडलवर थोडा वेळ चालवून, मग हजार आरपीएमवर धरून हिटरच्या पंपाने पाणी फिरवल्यावर ती निघाली आणि पूर्ण २२ बसलं.

पुन्हा तेच चार प्रोब. इंजिन ८० ला पोहोचेपर्यंत वरचा पाइप हाताला गार, ८३ ला एकदम गरम. सपाट रस्त्यावर काटा ८४-८६ वर स्थिर. त्याच भाराने त्याच चढावर इंजिनमधून ९३, रेडिएटरमधून ८६, पंपाच्या तोंडाशीही ८६. हिटरची हवा मागच्या सीटपर्यंत गरम.

एक काम मात्र राहिलं होतं. इतका काळ ६० वर चाललेल्या इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर पातळी खुणेच्या वर, ऑइल पातळ आणि डिझेलचा वास. अशा ऑइलवर भरलेली गाडी चढावर सोडणं म्हणजे बेअरिंग पणाला लावणं. ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदलले, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाण्याची पातळी पुन्हा बघितली, हाउसिंगभोवती ओल नाही याची खात्री केली आणि मगच गाडी चालकाच्या ताब्यात दिली.