तुम्ही विचारलंत म्हणून: ताटाची डावी बाजू

प्रश्न बहुतेक असाच येतो: "काकू, तुम्ही ते ग्रीस-इटलीवाल्यांचं जेवण करता ना? त्यात तर तेलच तेल असतं म्हणे. मग वजन उतरलं कसं? आणि इंदुरात राहून सेव सुटली कशी?" लग्नात विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, भाजीच्या ठेल्यापाशी तर हमखास. तिथे उभ्या उभ्या धड सांगता येत नाही, म्हणून लिहूनच टाकते.

तेलाची शंका अगदी रास्त आहे. अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन संशोधकाने १९५८ पासून सात देशांतल्या पुरुषांच्या खाण्याचा अभ्यास चालवला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या लोकांच्या जवळजवळ ४० टक्के कॅलरी स्निग्ध पदार्थांतून येत, मुख्यतः ऑलिव्हच्या तेलातून. तरी त्यांच्यात हृदयविकार कमी होता. पण ती शेतात राबणारी माणसं. आपण कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटी काढतो.

तेव्हा नुसतं ऑलिव्हचं तेल ओतून कुणी बारीक होत नाही. कुठलंही तेल घ्या, ग्रॅमला ९ कॅलरी. एक मोठा चमचा म्हणजे १२०. हे जेवण वजनासाठी करायचं तर बेरीज-वजाबाकी करावीच लागते. इस्राएलमधल्या दिमोना गावी ३२२ जाड माणसांवर दोन वर्षं प्रयोग झाला, २००८ साली तो छापून आला. भूमध्य पद्धतीच्या, म्हणजे याच ग्रीस-इटलीकडच्या जेवणाच्या गटात बायकांना दिवसाला १५०० आणि पुरुषांना १८०० कॅलरींची मर्यादा होती. सरासरी ४.४ किलो वजन उतरलं. कमी स्निग्धांशाच्या आहारवाल्यांचं २.९. दोन वर्षांत साडेचार किलो! महिन्याभरात दहा किलो उतरवणाऱ्या जाहिराती पाहिल्या की मला हा आकडा आठवतो.

आता माझं. आपल्या ताटात डाव्या बाजूला काय असतं? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. चिमूटभर वाढायची आणि बोट लावून चाखायची. भूमध्य समुद्राकाठचं बरंचसं जेवण म्हणजे ही डावी बाजूच, फक्त पोटभर वाढलेली. ग्रीकांचं त्झात्झिकी म्हणजे चक्क्यात पिळून घातलेली काकडी आणि लसूण. लेबनॉनचं ताबुले म्हणजे कोथिंबिरीसारख्या एका पाल्याचा आणि पुदिन्याचा ढीग, त्यात दलिया नावाला. आपल्याकडचे हौशी लोक नेमकं उलट करतात, दलियाचा डोंगर आणि वर हिरवं शिंपडलेलं. तो मग सरळ उपमाच की! मी वाडगाभर हिरव्यात दोन चमचे शिजलेला दलिया घालते. पोळ्या आपोआप कमी होतात. हा सगळा खटाटोप त्यासाठीच.

सामान आणायला मॉलमध्ये जायची गरज नाही. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात राजगिऱ्याच्या जातीचा पाला उकडून लिंबू-तेल घालून खातात, आणि आपल्याकडे मुलं नाक मुरडतात ती घोळाची भाजी तिकडे सॅलडमध्ये कच्ची पडते. काबुली चणा तर आपल्या माळव्याचाच. इथल्या मंडीत त्याला डॉलर चना म्हणतात. दलियासाठी पास्त्याच्या जातीचा कडक गहूही इथे पिकतो.

हुमूसचं, म्हणजे काबुली चणे आणि तिळाच्या तिकडच्या चटणीचं, जरा नीट सांगते, कारण तिथेच कॅलरी लपतात. चणे रात्री भिजत घालायचे, सकाळी चिमूटभर सोडा घालून इतके शिजवायचे की दोन बोटांत दाबला की पीठ व्हावं. सालं चोळून काढली तर उत्तम, कंटाळा आला तर राहू द्या. पांढरे तीळ मंद भाजायचे, रंग बदलू द्यायचा नाही, नाहीतर कडवटपणा येतो. आधी तीळ, लसूण, लिंबू आणि मीठ मिक्सरमध्ये गुळगुळीत करायचं, मग चणे. सैल करायला तेल नाही, चण्याचंच गार केलेलं पाणी. तेल वरून एक छोटा चमचा, तेवढ्यापुरतं ऑलिव्हचं. वास लागतो तो तिथेच. फोडणीला शेंगदाण्याचंच वापरते, पण बुधलीतून सरळ कढईत धार नाही; चमच्याने मोजून. आणि हुमूस पोळीबरोबर नाही, गाजर-काकडी-मुळ्याबरोबर.

वांग्याचं भरीत तुम्हाला येतंच. फोडणीऐवजी तिळाचं वाटण आणि दही घाला, झालं लेबनॉनचं. मासे ज्यांना चालतात त्यांनी जरूर खावेत. आमच्याकडे चालत नाहीत, उसळीवर भागतं.

सेव सुटलेली नाही. इंदुरात सेव सोडणं म्हणजे शेजाऱ्यांशी बोलणं सोडणं. पण मूठभर सेव म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी, आणि आपण ती पोह्यांवर, भाजीवर, वरणावर, कशावरही भुरभुरवतो. बिचारे पोहे उगाच बदनाम. ठेल्यावर ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत बसलेले असतात, तेल बेताचंच. खरी भर सेव आणि जलेबीची. मी पोह्यांवर जिरावन (आमच्याकडचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), कांदा आणि लिंबू भरपूर घेते, सेव फक्त रविवारी.

एक मात्र सांगून ठेवते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर पोळी-भात एकदम कमी करू नका. साखर खाली येऊ शकते, औषधाचा डोस डॉक्टरांना आधी विचारा.

आणि सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाते का, हेही विचारता. जाते. पुण्याहून पाहुणे आले की सुटका नसते. घरून वाडगाभर सॅलड खाऊन निघते, भुट्ट्याचा कीस एक प्लेट दोघांत, गराडू, म्हणजे तळलेला कंद, चाखण्यापुरता. जलेबा, म्हणजे भली मोठी जिलबी, मात्र पाहुण्यांचा पाहुण्यांनाच खाऊ देते, आणि तो काही एका माणसाला संपत नाही, त्यामुळे शेवटचा तुकडा माझ्याकडे येतोच.