जुन्या सिक्स बीटीला कॅम बदलला त्याची गोष्ट

आमची गाडी म्हणजे टाटाची जुनी, कमिन्सचं सिक्स बीटी इंजिन, ५.९ लिटर, बारा व्हॉल्ववालं. कॅम म्हणजे इंजिनात फिरणारा दांडा, त्यावरचे उंचवटे म्हणजे लोब टॅपेटला ढकलतात, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व उघडतो; इनटेक व्हॉल्वनं हवा आत येते, एक्झॉस्टनं जळालेला गॅस बाहेर जातो. चोपड्यात केळी भरायची आणि शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा करत इंदूरवरून दिल्ली गाठायची, हे वडिलांच्या वेळेपासून चालू आहे. मागच्या उन्हाळ्यात गाडी घाटात दम टाकायला लागली. जिथे तिसऱ्यात चढायची तिथे दुसरा टाकावा लागे, काळा धूर, तापमानाचा काटा वर जायला लागे, आणि मागे केळी भरलेली असली की थांबूनही चालत नाही, बेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात माल उभ्या गाडीत पिकायला लागतो.

फिल्टर बदलले, टर्बोचे पाइप बघितले, नोझल चेक केले, डिझेलचा पंप खोलून झाला. सगळं ठीक. फक्त एक टिकटिक होती, टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्वची फट जुळवली, की दोन दिवस बंद आणि परत चालू. शेवटी धुळ्याला आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली, त्यांनी बॉनेटजवळ कान लावला आणि म्हणाले, "भाऊ, आवाज वरथून नई, खालथून ई राह्यना." म्हणजे वरून नाही, खालून येतोय.

मग त्यांनी रॉकर काढून एकेका पुशरॉडवर डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावला आणि इंजिन हातानं फिरवलं. चार नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची लिफ्ट, म्हणजे पुशरॉड किती वर उचलला जातो ते, बाकीच्यांपेक्षा जवळपास दोन एमएम कमी. म्हणजे व्हॉल्व पूर्ण उघडतच नव्हता, जळालेला गॅस आतच राहत होता आणि तेवढी ताजी हवा कमी, डिझेल मात्र तेवढंच. धूर तिथून होता!

कॅम बाहेर आला तेव्हा बघवलं नाही. लोबचं नाक असायला हवं तिथे गोल घासलेलं, वरून उंदरानं कुरतडल्यासारखे खड्डे. पण मला जास्त शिकवलं त्या टॅपेटनं. मिस्त्रींनी टॅपेटच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मागे बॅटरी लावली, मधल्या भागात पट्टीखालून उजेड दिसत होता. नवीन टॅपेटचं तोंड डोळ्याला सपाट वाटतं पण असतं किंचित फुगीर, आणि लोबला किंचित उतार दिलेला असतो, त्या दोघांमुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. आमचा फिरणं बंद झालेला, खोलगट झालेला. कारणही सापडलं, चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात कॅम नवा टाकला होता आणि टॅपेट जुनेच ठेवले होते, पैसे वाचतात म्हणून. जुना टॅपेट नव्या कॅमला खातो हो. बाराच्या बारा नवे घ्यायचेच, यात मी आता कोणाचं ऐकणार नाही.

आता निवडीचं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला मामा टाकतोच आहात तर अपग्रेड टाका, याच घराण्यातलं बारा व्हॉल्वचं इंजिन अमेरिकेत १९८९ ते १९९८ डॉज पिकअपला होतं, त्याला भारी भारी कॅम मिळतात. खरं आहे ते. पण त्यातले मोठे कॅम रेसवाल्यांसाठी असतात, लिफ्ट जास्त, ड्युरेशन (व्हॉल्व उघडा राहण्याचा काळ) लांब. ड्युरेशन लांब म्हणजे इनटेक व्हॉल्व उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला पिस्टन वर येताना भरलेली हवा परत ढकलली जाते, प्रेशर पडतं, थंडीत सकाळी स्टार्टिंगला त्रास आणि पांढरा धूर. वर ३००० ला ताकद मिळेल, पण आमची भरलेली गाडी तिथे जातेच कुठे, घाटात तिचं सगळं आयुष्य १२०० ते २००० मध्ये जातं. शिवाय डिझेलचं कॉम्प्रेशन एवढं जास्त की पिस्टन आणि व्हॉल्वमध्ये जागा मुळातच थोडी, लिफ्ट वाढवली की आधी ती मोजायची, नाहीतर व्हॉल्व पिस्टनवर बसतो.

म्हणून ओढायच्या कामाचा हलका कॅम घेतला, ड्युरेशन कंपनीच्या जवळपास, लोबचा चढ थोडा उभा, म्हणजे व्हॉल्व पटकन उघडतो. मागवताना दोनदा सांगितलं की बारा व्हॉल्वचाच द्या, चोवीसवाला वेगळा असतो.

व्हॉल्वच्या स्प्रिंगवर मात्र मी आणि मिस्त्री बराच वेळ बोललो. भाच्याचं म्हणणं सर्वात कडक घ्या. पण स्प्रिंग जेवढी कडक तेवढा लोबवर दाब, तेवढी झीज. आणि जुनी मऊ ठेवली तर बिजासन उतरताना एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी धरणारा) लावला की मागचं प्रेशर एक्झॉस्ट व्हॉल्वला सीटवरून उचलू शकतं. मधली घेतली, कंपनीपेक्षा थोडी वरची. पुशरॉड काचेवर घरंगळवून बघितले, दोन वाकडे निघाले, सगळा सेट बदलला.

फिटिंग बघण्यासारखं होतं. या इंजिनचे टॅपेट छत्रीसारखे, खालूनच बसतात, कॅम ओढला की धाडकन खालच्या ऑईलच्या चेंबरमध्ये पडणार. मिस्त्रींनी पुशरॉडच्या भोकातून बांबूच्या कामट्या टॅपेटमध्ये घट्ट बसवून वर ओढल्या आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी जोडी जोडीनं बांधल्या. नवे टाकताना शेतातला पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हाळ कॅमच्या भोकातून आत सरकवली आणि एकेक टॅपेट त्यावरून आत नेऊन वर ओढला. पंपाचा गिअरही कॅमच्याच गिअरवर चालतो, त्यामुळे क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून परत पंपाचं टायमिंगही बघितलं.

पहिल्या स्टार्टला मी घाबरलेलो. लोबला काळी मॉलीची (घासणं कमी करणारी) पेस्ट, ऑईल झिंकवालं, सुरू झाल्या झाल्या १५०० ते २००० वर वीस मिनिटं, आयडलला अजिबात सोडायची नाही, कारण लोबला तेल उडूनच मिळतं आणि हळू फिरताना त्याच्या नाकावर दाब सर्वात जास्त. मग ऑईल-फिल्टर बदललं, जुना फिल्टर कापून बघितला, धातूच्या कणांची चमक नव्हती.

क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्वमधली फट) कंपनीचा थंड इंजिनला इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५० एमएमच्या आसपास, पण नव्या कॅमच्या कार्डावर जे लिहिलंय तेच धरलं. १००० किलोमीटरला परत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, बाराही जागच्या जागी. दोन दिवसांनी पळासनेरच्या पुढे चढ लागला, मागे केळी होती, ड्रायव्हरनं फोन केला आणि म्हणाला, शेठ, तिसऱ्यातच आहे.