तिरफळाची तोडलेली फांदी

लोक जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या वहीचं, काम जंगलात कमी आणि लोकांच्या पडवीत जास्त चालतं. गाव सांगतं, आपण लिहून घ्यायचं. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे ही वही करावी लागते. शेजारच्या गावाची यादी नाव बदलून चिकटवलेल्या वह्याही मी पाहिल्या आहेत, त्या पाहून चीड येते. म्हणून फुलपाखरांची यादी मी स्वतः फिरूनच करतो.

ऑगस्टच्या शेवटी सिंधुदुर्गातल्या एका वाडीत, काकींच्या मागीलदारी, तिरफळावर मलबार बॅन्डेड पीकॉकची मादी आली. हे फुलपाखरू पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही. केरळने 2018 मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं. काळ्या पंखांवर आडवा रुंद पट्टा, हलला की हिरव्याचा निळा होणारा. तिने पुढच्या पायांनी कोवळ्या पानावर टपटप केलं. पायांनीच ती पानाची चव घेते. चव पटली तेव्हा पोटाचं टोक वाकवून एकच अंडं चिकटवलं, मोहरीएवढं, फिकट पिवळं. असं पाच वेळा. माझा श्वास अडकला होता.

“काय बघतंस?” काकींनी विचारलं.

“फुलपाखरू,” एवढंच म्हणालो.

दुर्मीळ जातीची जागा बोलायची नाही, हे आम्हा फुलपाखरं नोंदवणाऱ्यांत पक्कं ठरलेलं. पकडून विकणारे असतात. मी ते पाळलं आणि चहा पिऊन निघालो.

वीस दिवसांनी गेलो तर तिरफळं काढून झाली होती. खोडावर काट्यांचे टेंगूळ असल्याने या झाडावर चढता येत नाही. घोसांच्या फांद्या कोयत्याने पाडतात आणि अंगणात बसून फळं खुडतात. ती उन्हात उकलली की आतली काळी बी टाकून सालं ठेवायची, वर्षभराच्या बांगड्याच्या कढीसाठी. अंडी होती ती फांदीही त्या ढिगात होती.

दोन तास काट्यांतून पानन्‌पान उलटलं. दोनच अळ्या मिळाल्या. एक अजून पक्ष्याच्या शिटेसारखी, काळपट-पांढरी. दुसरी हिरवी झालेली, फुगलेल्या खांद्यांवर खोटे डोळे. बोट लागताच तिने डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सुटला. म्हणजे जिवंत होती, धडधाकट होती. पण सुकत्या पानांवर किती तग धरणार? कुंपणाजवळ तिरफळाचं एक रोप होतं, त्यावर दोघींना सोडलं.

काकी शेजारी उभ्या होत्या. आता सगळं सांगितलं. त्यांनी ढिगाकडे पाहिलं.

“माका आधी सांगूक होया होतां रे झिला. ती एक फांदी ठेवली आसती.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागा लपवायची ती परक्यापासून. झाड काकींचं, कोयता काकींचा, आणि मी त्यांनाच परकं धरलं. तरी बाकी तीन अळ्या कोयत्याने गेल्या की आधीच गांधीलमाशीने नेल्या होत्या, हे मला कधीच कळणार नाही.

हिरवीने कोष केला, असा काकींचा फोन आला. शेजारच्या दोन घरांनाही दाखवला म्हणाल्या. बरं वाटलं, आणि त्या रात्री झोपही लागली नाही. वहीतला त्या झाडाच्या जागेचा रकाना मी अजून भरलेला नाही.