आमची वाटचाल : तासगावच्या मास्तरांचा डबा

सांगलीच्या गावभागातलं आमचं वर्कशॉप हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी अँटेनावरच्या चार्जपासून रेडिओ वाचवणारे डबे बनवतं. ते सुरू झालं तासगावच्या मास्तरांच्या 40 मीटर बँडच्या डायपोलमुळं, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनामुळं. उन्हाळ्यात वळवाच्या आधी धुळीचं वारं सुटलं की त्या 20 मीटर तारेवर चार्ज साठायचा आणि कोॲक्स (अँटेनाची केबल) रेडिओपासून काढून ठेवली असली तर तिच्या पीएल-259 प्लगच्या पिनेतून बॉडीवर निळी ठिणगी टक् टक् उडायची, मी स्वतः बघितलीय. त्यांच्या रिसीव्हरचं फ्रंट एंड (अँटेनाकडचा पहिला भाग) दोनदा गेलेलं. मग डायकास्ट डबा, दोन्ही बाजूला एसओ-239 सॉकेट, पिनेपासून बॉडीला 100 किलोओहम 2 वॉटचा रेझिस्टर आणि शेजारी गॅस ट्यूब (ठरावीक व्होल्टला पेटून चार्ज बॉडीवर सोडणारी), असा पहिला पीस केला. रेझिस्टर चार्ज साठूच देत नाही, झटका आला तर ट्यूब पेटते. तो पीस अजून त्यांच्या खिडकीत आहे.

2019 चा महापूर दुकानात शिरला, चिखल काढला, परत उभे राहिलो. खरे मोडलो ते नंतरच्या एका लॉटनं. मागवल्या 230 व्होल्टच्या ट्यूबा, आल्या 90 च्या, आणि आमचं टेस्टिंग म्हणजे 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), त्यावर दोन्ही पेटतात! 50 ओहमवर 100 वॉट सोडले की पीक 100 व्होल्ट होतो, म्हणजे सिग्नल सोडायचं बटण दाबलं की 90 ची ट्यूब पेटणार, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) वर जाणार, रेडिओ पॉवर पाडणार. 40 डबे परत आले, सगळ्यांचे पैसे दिले, बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या.

त्यात आमचाच डबा बघून डबे काढणारा एकजण सगळीकडं सांगत फिरला की सांगलीचे डबे सिग्नल खातात. त्याचा डबा मी खोलून बघितला, आत नुसती ट्यूब, रेझिस्टरच नाही! म्हणजे ट्यूब पेटेपर्यंत चार्ज तारेवर बसून राहणार. हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा मास्तर एसटीनं आले, 10 डब्यांचा ॲडव्हान्स टेबलावर ठेवला, म्हणाले, "अरे चूक सापडली ना, मग दुकान कशाला बंद करतोस?"

आता प्रत्येक ट्यूबला 1 मेगाओहममधून डीसी हळूहळू वाढवत नेतो, जिथं पेटते तो आकडा झाकणावर मार्करनं लिहितो. घेणाऱ्यांनी एक ऐका, थेट वीज पडली तर कुठलाच डबा वाचवत नाही, ढग दिसले की कोॲक्स काढून घराबाहेर टाका. आणि अँटेनाचा अर्थिंगचा खड्डा घराच्या अर्थिंगला जोडा, वेगळा ठेवलात तर दोन्हीतला फरक रेडिओतूनच जातो.

मास्तरांच्या त्या 10 डब्यांतल्या पहिल्यावर 238 लिहिलंय.