शिकागो ब्लूज फेस्टिव्हल: जागा कुठे धरायची, माझा अनुभव

शिकागोचा ब्लूज फेस्टिव्हल, म्हणजे ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा महोत्सव, फुकट आहे म्हणजे खरोखरच फुकट आहे. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मिलेनियम पार्कमध्ये जायचं आणि बसायचं. पण फुकटच्या मैफिलीत पैशांऐवजी वेळ खर्च होतो. तो चुकीच्या जागी खर्च केला, तर दिवसभर ऊन खाऊन रात्री दूरवरून लुकलुकणारी गिटार बघून परत यायची पाळी येते. माझा हिशेब आता असा बसला आहे: दुपार छोट्या स्टेजांपाशी उभ्याने, संध्याकाळ हिरवळीवर, आणि खुर्च्या फक्त वडीलधारी मंडळी बरोबर असतील तरच.

हा महोत्सव १९८४ साली ग्रँट पार्कमध्ये सुरू झाला. शिकागो ब्लूजचा दादा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९८३ च्या एप्रिलमध्ये वारला, त्याच्या पुढच्याच वर्षी. २०१७ पासून तो शेजारच्या मिलेनियम पार्कमध्ये भरतो. या बदलाचा सगळ्यात मोठा फायदा कानांना झाला. इथला मोठा उघडा रंगमंच, प्रिट्झकर पॅव्हिलियन, वास्तुकार फ्रँक गेरीने आखलेला, २००४ साली खुला झालेला. स्टेजपुढे सुमारे ४,००० पक्क्या खुर्च्या, त्यामागे ७,००० माणसं मावतील एवढी हिरवळ, आणि या सगळ्यावर स्टीलच्या वाकवलेल्या नळ्यांची जाळी. नवखा माणूस ती जाळी शोभेची समजतो. खरं तर तिला स्पीकर टांगलेले आहेत.

त्याची गंमत अशी. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून ९० मीटरवर बसलात, तर तार छेडल्यानंतर पाव सेकंदाने सूर तुमच्यापर्यंत येतो. डोक्यावरचा स्पीकर तोच सूर ताबडतोब वाजवायला लागला, तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल आणि शब्दांचा चिखल होईल. म्हणून मागच्या प्रत्येक ओळीतल्या स्पीकरला तेवढा उशीर लावून ठेवलेला असतो. परिणामी हिरवळीच्या मध्यावर, पाय पसरून, गाण्याचे शब्द पुढच्या कोपऱ्यातल्या खुर्चीपेक्षा स्वच्छ ऐकू येतात. त्या खुर्चीत एका बाजूचा स्पीकर कानाशी येतो आणि गिटार बासच्या खाली दबते. जाळीच्या बाहेर, अगदी कडेला मात्र बसू नये.

हिरवळीवरही बाजू निवडावी. स्टेज उत्तरेला आहे, तिकडे तोंड करून बसलं की पश्चिम डावीकडे येते. मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या उंच इमारतींची सावली आधी डाव्या बाजूला पडते. जूनमध्ये इथे सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे पाच ते सात हा काळ उजवीकडे बसणाऱ्यांना जड जातो. आम्ही साडेचारच्या आत सतरंजी टाकतो, डावीकडून साधारण एक तृतीयांश आत. आणि तिथे आळीपाळीने एक माणूस ठेवतो. नुसती सतरंजी टाकून गेलं की परत येईपर्यंत तिच्या कडा आक्रसलेल्या असतात.

आता दुपार. बरेच लोक फक्त शेवटच्या मोठ्या कलाकारासाठी येतात, आणि गिटार जवळून बघायची संधी घालवतात. बाराच्या सुमाराला पार्कातल्या छोट्या स्टेजांवर वाजवायला सुरुवात होते. त्यातलं मिसिसिपीतल्या कलाकारांचं ज्यूक जॉइंट (तिकडचा गाण्या-नाचाचा साधा गुत्ता) नावाचं स्टेज मी सहसा चुकवत नाही. हे संगीत तिथूनच इथे आलं. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतून या शहरात आला. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वाजवणाऱ्यांना गोंगाटावर मात करायची होती, तिथे साध्या लाकडी गिटारचा टिकाव लागेना. मग शेजारच्या घरातून वायर ओढून ॲम्प्लिफायर लावायची पद्धत पडली. शिकागो ब्लूजचा करकरीत आवाज असा गरजेतून आला.

छोट्या स्टेजपुढे उभं राहायचं ते आपल्या उजव्या हाताला. उजव्या हाताने छेडणाऱ्या वादकाच्या गिटारचा दांडा आपल्या उजवीकडे येतो, म्हणजे तारा दाबणारा डावा हात समोर दिसतो. तिथून नीट बघा: एक बोट तार दाबतं आणि तिला आडवी ढकलतं, मागची दोन बोटं त्याला टेकू देतात. सूर कोमल गंधारापासून सरकत शुद्ध गंधाराकडे निघतो आणि पोचायच्या आधीच अडतो. त्या अधल्यामधल्या जागेतच ब्लूज आहे. मींड ऐकलेल्या कानाला हे लगेच उमगतं. करंगळीत काचेची किंवा धातूची नळी घातली असेल, तर तार दाबली जात नाही, नळी तिच्यावरून नुसती फिरते. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार ऐकलेल्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल.

दोन गाण्यांमध्ये वादक पुन्हा पुन्हा तारा जुळवतो, त्याला कंटाळू नये. भर उन्हात स्टीलची तार तापून सैलावते आणि सूर उतरतो. सूर्य गेला, शेजारच्या मिशिगन तळ्यावरचा वारा लागला की ती आवळते आणि सूर चढतो.

बरोबर कोणी पहिल्यांदाच येत असेल, तर मी त्याला बारा बारचं आवर्तन आधी मोजायला लावतो. चार मात्रांचा एक बार, असे बारा, एकूण ४८ मात्रा. ई, ए, बी हे पाश्चात्य सूर; ई सुरावर गाणं असेल तर चार बार ई, दोन ए, दोन ई, मग एक बी, एक ए आणि शेवटचे दोन ई. गाण्याची पहिली ओळ दोनदा येते आणि तिसऱ्या वेळी तिचं उत्तर. शेवटच्या दोन बारांत गिटार वळण घेऊन समेवर आणून सोडते, आपल्या मुखड्यासारखीच. मध्यम चालीत हे आवर्तन २४ सेकंदांत पुरं होतं. दोन-तीनदा मोजलं की सगळी गाणी सारखीच वाटतात ही तक्रार बंद होते, कारण कुठे काय बदललं ते कळायला लागतं. टाळीची मात्र गडबड होते. आपला हात पहिल्या मात्रेवर जातो, इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. शेजाऱ्यांच्या हातांकडे बघून जुळवून घ्यावी.

आता सामान. आत जाताना पिशव्या तपासतात, म्हणून एकच छोटी पिशवी. बाहेरची दारू आत नेता येत नाही, आत विकत मिळते. काचेची बाटलीही घरीच ठेवावी. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. रस्सा, दही असलं काही नको, मांडीवर ताट धरून जेवायला जागा नसते. जाड सतरंजी, पातळ स्वेटर (तळ्याकाठी संध्याकाळी गारठा पडतो, आत उपनगरात कितीही उकडत असलं तरी) आणि पोंचो. छत्री उघडली की मागच्या दहा जणांचा शाप लागतो. आकाशाकडे लक्ष ठेवावं: विजांचं वादळ आलं की कार्यक्रम थांबतो, आणि स्टीलच्या जाळीखाली उभं राहण्यात शहाणपण नाही. रँडॉल्फ रस्त्याच्या कोपऱ्याला जमिनीखालचं मिलेनियम स्टेशन आहे, आम्ही आडोशाला तिथे खाली जातो.

कानात घालायचे बोळे मात्र विसरू नयेत. ८५ डेसिबलचा आवाज कानांना आठ तास चालतो, पण पुढच्या दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. छोट्या स्टेजच्या स्पीकरसमोर ही मुदत एका गाण्यात-दोन गाण्यांत संपू शकते. लहान मुलांना कान झाकणारे मफ घालावेत.

उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून आलेले आई-बाबा बरोबर असतील, तर सगळा बेत बदलावा. दुपार गाळायची, साडेतीन-चारला थेट खुर्च्यांकडे जायचं आणि मधल्या रांगेतली कडेची जागा धरायची, म्हणजे उठताबसता कोणाला ओलांडावं लागत नाही. पाठ टेकायला मिळते हे महत्त्वाचं. सतरंजीवर त्यांचे गुडघे तासाभरात बोलायला लागतात. मुंबईत २०११ पासून मेहबूब स्टुडिओत भरणारा महिंद्रा ब्लूज महोत्सव ज्यांनी ऐकलाय, त्यांना इथे एवढं सगळं तिकिटाशिवाय मिळतंय यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

गाडी आणू नये. पार्कखालीच पार्किंग आहे, पण कार्यक्रम सुटला की सगळेच एकदम निघतात. मेट्राने, म्हणजे उपनगरी रेल्वेने, येत असाल तर परतीची वेळ आधी बघून ठेवा, शनिवार-रविवारी गाड्या विरळ असतात. नऊच्या सुमाराला कार्यक्रम संपला की गर्दी सगळ्यात जवळच्या, वॉबॅश रस्त्यावरच्या स्टेशनावर लोटते. ओहेअर विमानतळाच्या बाजूला जाणाऱ्यांनी तिकडे वळूच नये. पश्चिमेला तीन चौक चालून डिअरबॉर्न रस्त्यावरचं, ब्लू लाइन या मेट्रो मार्गाचं वॉशिंग्टन स्टेशन गाठावं, ती गाडी रात्रभर चालते. त्या भुयारी फलाटावर वादकांना परवान्याने वाजवायला परवानगी आहे, त्यामुळे गाडीची वाट बघताना एखादी गिटार भेटू शकते. एक-दोन डॉलरच्या नोटा तेवढ्यासाठी खिशात राखून ठेवाव्यात.