मराठीतून पायथन शिकवणाऱ्या पुस्तकासाठी साधनाची निवड

खानापूर तालुक्यातून मराठी माध्यमात दहावी होऊन बेळगावात डिप्लोमाला किंवा पीयूसीला (अकरावी-बारावीला) येणाऱ्या मुलांसाठी मी गेली तीन वर्षे पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे एक पुस्तक लिहीत आहे. शाळेत गणित मराठीत शिकलेल्या आणि कन्नड हा विषय म्हणून अभ्यासलेल्या या मुलांवर कॉलेजात एकदम सगळे इंग्रजीतून समजून घेण्याची वेळ येते. निदान प्रोग्रामिंगची सुरुवात तरी त्यांना घरच्या भाषेत करता यावी, असे मला मनापासून वाटते.

पहिली पाच प्रकरणे मी नेहमीच्या वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिली. संध्याकाळच्या वर्गात एका मुलीने पहिल्याच धड्यातला प्रिंटचा नमुना माझ्या फाइलमधून जसाच्या तसा उचलून चालवला, तेव्हा पडद्यावर ‘सिंटॅक्स एरर : इनव्हॅलिड कॅरेक्टर’ असे उमटले. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हे आपोआप झाली होती, आणि पायथनला स्ट्रिंगच्या, म्हणजे अवतरणातल्या मजकुराच्या, सुरुवातीला फक्त सरळ चिन्ह चालते. चूक आपलीच असणार असे समजून ती मुलगी बराच वेळ आपले टायपिंग तपासत बसली होती. नवशिका पुस्तकावर पूर्ण विश्वास टाकतो. त्यामुळे पुस्तकातला कोड न चालणे हा दोष मला शुद्धलेखनाच्या कोणत्याही चुकीपेक्षा मोठा वाटतो.

त्या दिवसापासून साधन निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो : पुस्तकात छापला जाणारा कोड आणि प्रत्यक्ष चालवून पाहिलेला कोड एकच आहे का? याचा अर्थ मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये हवा आणि नमुने वेगळ्या फाइलींतून पुस्तकात ओढून घेता यायला हवेत. एमडीबुक, आस्कीडॉक्टर आणि स्फिंक्स या, साध्या टेक्स्टपासून पुस्तक तयार करणाऱ्या, तिन्ही साधनांत ही सोय आहे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचे अधिकृत पुस्तक एमडीबुकमध्ये तयार होते आणि त्यातले रस्टचे नमुने एका आज्ञेत तपासता येतात, परंतु ही तपासणी रस्टपुरतीच आहे. स्फिंक्स मुळात पायथनच्या दस्तऐवजांसाठीच गेऑर्ग ब्रांडल यांनी लिहिले आणि ते 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या जोडीला पायथनमधले डॉकटेस्ट आहे, जे पुस्तकातला प्रत्येक नमुना चालवून खाली लिहिलेल्या उत्तराशी ताडून पाहते. मी स्फिंक्स निवडले ते यासाठी.

डॉकटेस्टचा उपयोग मला स्ट्रिंगच्या प्रकरणात कळला. ‘बेळगाव’ या शब्दाची लांबी किती, या प्रश्नाखाली मी सहज चार असे उत्तर लिहून ठेवले होते, कारण बे, ळ, गा, व अशी चार अक्षरे आपण मोजतो. तपासणीत अपेक्षित उत्तर 4 आणि मिळालेले उत्तर 6 असा फरक दिसला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक लिपीच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्रा आणि काना यांना स्वतंत्र क्रमांक असतात आणि पायथन तेच मोजते. ही चूक तशीच छापली गेली असती, तर मराठी शब्दांवर प्रोग्राम लिहू पाहणारा प्रत्येक विद्यार्थी तिथे अडला असता. आता त्याच नमुन्यावर मी दोन पाने लिहिली आहेत.

दुसरा प्रश्न देवनागरीच्या छपाईचा आहे आणि परदेशी लेखकांच्या तुलनांमध्ये तो क्वचितच येतो. आस्कीडॉक्टरचे पीडीएफ ज्या प्रॉन लायब्ररीवर उभे आहे, ती जोडाक्षरांची जुळणी करत नाही. त्यामुळे ‘किंमत’ मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते. स्फिंक्समध्ये पीडीएफसाठी झीटेक हे इंजिन निवडता येते. जोनाथन क्यू यांनी 2004 मध्ये आणलेले हे इंजिन युनिकोड फॉन्ट थेट वापरते, आणि फॉन्टमध्ये सोय असल्यास भाषा मराठी सांगितली की ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. मात्र कोडमधल्या मराठी शेऱ्यांसाठी (कॉमेंटसाठी) देवनागरी असलेला फॉन्ट वेगळा नेमावा लागतो, नाहीतर छापील पानावर ती जागा कोरी राहते. शहापुरातल्या छापखान्यात नमुना पान काढले, तेव्हा सर्वांत आधी मी हेच शेरे वाचून पाहिले.

वेब आवृत्तीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ब्राउझर जोडाक्षरे नीट जुळवतात, आणि पीडीएफमधून कोड उचलताना ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा पुष्कळदा गळून पडते ती अडचण तिथे येत नाही. पायथनमध्ये ती जागा गेली की प्रोग्रामही गेला, म्हणून कोड वेबवरूनच घ्यावा असे मी मुलांना सांगतो.

शब्दसूची मात्र अजून पूर्ण झालेली नाही. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या क्रमात तो ल ला लागून आहे, आणि क्ष व ज्ञ यांना तर तिथे स्वतंत्र स्थानच नाही. त्यामुळे केवळ क्रमांकांनुसार लावलेल्या सूचीत मराठी वाचकाला शब्द अपेक्षित जागी सापडत नाही. त्यासाठी आपल्या वर्णक्रमाने शब्द लावणारा एक छोटा पायथन प्रोग्राम मी लिहीत आहे, आणि तोच शेवटच्या प्रकरणातला मोठा स्वाध्याय म्हणून देणार आहे.