रॅम्प प्रेक्षकांसाठी, पायऱ्या शिकवणाऱ्यासाठी

सभागृहाच्या दारात रॅम्प असतो, पहिल्या रांगेत व्हीलचेअरसाठी जागा सोडलेली असते, आणि मंचावर चढायला मात्र चार पायऱ्या. अपंग माणूस बघायला येईल, फार तर शिकायला. शिकवायला कशाला येतोय, असं बांधणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं. अपंग कलाकाराला कार्यशाळा घ्यायला बोलावलं की पहिली अडचण इथेच येते.

मंच 60 सेंटिमीटर उंच असेल, तर 1:12 उताराचा (एक भाग चढायला बारा भाग लांबी) रॅम्प 7.2 मीटर लांब होतो. ऐनवेळी टाकलेली दोन मीटरची फळी म्हणजे घसरगुंडी. चौघांनी उचलून चढवू म्हणाल, तर बॅटरीवरची खुर्ची आणि माणूस मिळून वजन सहज दीडशे किलोच्या पुढे जातं. त्यापेक्षा मंच सोडा आणि वर्ग सपाट जमिनीवर घ्या. खुर्ची वळायला दीड मीटर मोकळी जागा हवी, टेबलाखाली गुडघ्यांसाठी साधारण 70 सेंटिमीटर. खालचा आडवा दांडा कुणी बघत नाही, आणि नेमका तोच आडवा येतो.

कलाकार बधिर असेल आणि सांकेतिक भाषेतून शिकवत असेल, तर लांबलचक सत्राला दुभाषे दोन लागतात. ते दर 20–30 मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. पैसे वाचवायला एकच ठेवला, की तो थकतो, वाक्यं गळायला लागतात, आणि मुलांना वाटतं शिक्षकच तुटक शिकवतात. दोष दुभाष्याच्या थकव्याचा, नाव खराब कलाकाराचं! तालाचे बोल, संहिता, तंत्राचे शब्द दुभाष्यांना आठवडाभर आधी द्या. मुलांनी प्रश्न शिक्षकांकडे बघून विचारायचा, दुभाष्याकडे नाही. नृत्याचा वर्ग असेल तर लाकडी फळ्यांची जमीन असलेली खोली शोधा: ढोलाची कंपनं पायाला लाकडातून कळतात, काँक्रीटमधून जवळजवळ नाहीत.

अंध कलाकाराला हजेरीपट स्कॅन करून पाठवू नका. ते नुसतं चित्र असतं, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यात वाचण्यासारखं काही सापडत नाही. टाइप केलेला मजकूर पाठवा. हात वर करण्याऐवजी मुलांनी आधी नाव सांगावं.

पैशाचं मात्र आधीच ठरवा. मानधन एका ओळीत, दुभाषे, मदतनीस आणि त्याचा प्रवास दुसऱ्या ओळीत. दोन्ही एकत्र टाकलं, की कात्री लागल्यावर सोयींचा खर्च कलाकाराच्याच खिशातून जातो. कार्यक्रम रद्द झाला तर दुभाष्यांचं काय, हेही करारात लिहा.

‘तुम्हाला काय झालंय?’ असं विचारायचं नाही. ‘काम करायला काय काय लागेल?’ एवढंच विचारा, आणि ते निमंत्रणातच, सगळ्याच कलाकारांना. न दिसणारं अपंगत्व असलेल्यांना मग वेगळं तोंड उघडावं लागत नाही. उत्तरं एका पानावर उतरवा. हे पान बहुतेकदा कार्यालयाच्या इनबॉक्समध्येच पडून राहतं. ते खोली लावणाऱ्याच्या हातात पोचायला हवं. लिफ्टला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते, तेही त्याच पानावर.